पडदा आणि माग

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा कित्येक दिवस मोबाइलवरून गावोगाव हिंडत होती. जमावाने त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि ठार मारले.

त्याच्या वर्षभर आधी, ५ जुलै २०१७ रोजी, कॅनडाचा एक तरुण बँकॉकमध्ये पकडला गेला आणि 'अल्फाबे' हा बाजार बंद पडला. हा बाजार इंटरनेटच्या त्या भागात होता, जिथे गूगल पोचत नाही आणि विकणाऱ्या-घेणाऱ्याचा पत्ता दिसत नाही. अमली पदार्थ, बनावट ओळखपत्रे, चोरलेल्या बँक कार्डांची माहिती, सगळे तिथे मिळे. अमेरिकी सरकारच्या आकड्यांनुसार विकणारे ४० हजार आणि घेणारे दोन लाखांहून अधिक होते.

राईनपाडा आणि अल्फाबे यांचा एकमेकांशी संबंध नाही, पण दोन्हींतून प्रश्न एकच निघतो. इंटरनेटवर बोलणारा कोण आणि विकणारा कोण, हे सरकारला नेहमी कळायला हवे का? खानदेशात हा प्रश्न लांबचा राहिलेला नाही, म्हणून तो दोन माणसांच्या तोंडून मांडतो. मामा धुळ्याला देवपुरात राहतात, पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची भाची जळगावच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. ही दोन माणसे मी उभी केली आहेत. ते ज्या घटना, नावे आणि तारखा सांगतात, त्या खऱ्या आहेत.

मामा : दख माय, राईनपाड्याचं नाव निघालं की माझ्या मनात पहिला प्रश्न एकच येतो. मारणारे सापडले. व्हिडिओ होते, चेहरे होते, अटका झाल्या. पण ती अफवा पहिल्यांदा सोडणारा कुठे आहे? पाच माणसं गेली आणि ज्याने काडी लावली त्याचं नाव कुठल्याच कागदावर नाही. व्हॉट्सअॅप म्हणतं, आम्हालाच माहीत नाही. हे मला आजही पटत नाही.

भाची : त्याचं नाव मिळालं असतं, तर ते पाच जण वाचले असते का मामा?

मामा : पुढचे वाचले असते. एकाला शिक्षा झाली की दहा जणांचा हात थांबतो.

भाची : मग तो पहिला कोण, ते ठरवून बघू. त्या काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. मोटारसायकलवरचे दोघं रस्त्यावरून मूल उचलून नेतात. तो मूळचा कराचीचा. मुलांच्या सुरक्षिततेसाठी तिथल्या एका संस्थेने बनवलेली जनजागृतीची फिल्म होती ती. शेवटी ते दोघं मूल परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापून टाकला. आता पहिला कोणाला म्हणायचं? फिल्म बनवणाऱ्याला, कापणाऱ्याला, ती भारतात आणणाऱ्याला, की तिच्याखाली 'आपल्या तालुक्यात टोळी आली आहे' असं मराठीत लिहिणाऱ्याला? मजकूर नव्याने टाइप केला की पाठवणारा नवाच पहिला होतो.

मामा : म्हणून प्रयत्नच करायचा नाही? २०२१ च्या आयटी नियमांत तरतूद केली आहे. न्यायालयाने किंवा सक्षम अधिकाऱ्याने आदेश दिला, की मोठ्या कंपनीने पहिला पाठवणारा सांगायचा. तोही गंभीर गुन्ह्यांतच. त्यात गैर काय?

भाची : एका मेसेजचा पहिला पाठवणारा सांगायचा, तर प्रत्येक मेसेजवर आधीपासून खूण हवी. कोणता मेसेज पुढे गुन्ह्यात निघेल हे आधी कुणाला ठाऊक असतं? म्हणजे माझ्या अशिलाने मला पाठवलेलं, मुलीने आईला पाठवलेलं, सगळं खुणेखाली येणार. या मुद्द्यावर २०१९ साली मद्रास उच्च न्यायालयासमोर आपल्याच दोन प्राध्यापकांची मतं वेगळी पडली होती. मद्रास आयआयटीचे कामकोटी म्हणाले, मेसेजसोबत मूळ पाठवणाऱ्याची माहिती जोडता येईल. मुंबई आयआयटीचे मनोज प्रभाकरन म्हणाले, ती खूण खोटी करता येईल, निरपराध माणूस अडकेल आणि खरा गुन्हेगार दुसऱ्या साधनाकडे निघून जाईल. पुढे नियम आले, व्हॉट्सअॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या वकिलाने सांगितलं की एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर आम्ही इथून जाऊ.

मामा : ती कंपनीची धमकी झाली. कंपनीला आपल्या लोकांचं दुःख काय असणार?

भाची : कंपनीची बाजू मी घेतच नाही. मी राईनपाड्याचीच गोष्ट करते. त्या दुपारी तिथे निनावी असं काय होतं? मारणारे उजेडात होते, एकमेकांना ओळखत होते, चित्रीकरणही चाललं होतं. आणि असे मेसेज आपल्याला कोण पाठवतं? गावाचा ग्रुप, मेहुणा, शाळेतला सोबती. अनोळखी नंबरवरून आलेल्या मजकुरावर माणूस शंका घेतो, ओळखीच्याने पाठवलेल्यावर घेत नाही. त्या दिवशी अनोळखी असं कुणी असलंच, तर ते पाच भिक्षेकरी. त्यांना कुणी ओळखत नव्हतं, एवढाच त्यांचा गुन्हा.

मामा : हे खरं आहे. त्याच रात्री मालेगावातही जमाव उसळला होता. तिथे पोलीस पोचले, म्हणून माणसं वाचली.

भाची : तुम्हीच बोललात मामा. माणसं वाचली ती पोलीस पोचले म्हणून.

मामा : तो मुद्दा मी लक्षात ठेवतो. पण व्हॉट्सअॅपवर निदान मोबाइल नंबर तरी असतो. पण अल्फाबेसारखे बाजार ज्याच्यावर चालतात, त्या टॉरचं काय? तिथे तर पडदाच पडदा. बनवणाऱ्याने तो कशासाठी बनवला असेल? सरळ माणसाला एवढं लपायचं काय कारण?

भाची : तो बनवला अमेरिकेच्या आरमाराने. १९९० च्या दशकात त्यांच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत हे काम सुरू झालं. तुमचा संदेश तीन संगणकांमधून जातो आणि त्याच्यावर एन्क्रिप्शनची तीन आवरणं असतात. पहिल्या संगणकाला कळतं की संदेश कुठून आला, पण तो कुठे चालला ते कळत नाही. मधल्याला दोन्ही टोकं ठाऊक नसतात. शेवटच्याला कुठे जायचं ते कळतं, पाठवणारा कोण ते कळत नाही. आता विचार करा, हे साधन एकट्या आरमारानेच वापरलं असतं, तर त्यातून बाहेर पडणारा प्रत्येक संदेश आरमाराचाच ठरला असता. लपायला गर्दी लागते. म्हणून त्यांनी ते सगळ्यांना खुलं केलं. २००६ पासून एक ना-नफा संस्था ते चालवते आणि तिला अमेरिकी सरकारकडूनही पैसा मिळत आला आहे. बीबीसीने २०१९ साली आपलं संकेतस्थळ टॉरवर ठेवलं, कारण काही देशांत बातम्या वाचायलाच बंदी आहे.

मामा : आणि त्याच गर्दीत अफू-गांजावाले शिरले.

भाची : शिरले. ते मी नाकारत नाही.

मामा : मग ते कसे पकडले ते मी सांगतो. निवृत्तीनंतर या गोष्टी मी मन लावून वाचल्या आहेत. पहिला मोठा बाजार 'सिल्क रोड', २०११ साली सुरू झाला. चालवणारा रॉस उलब्रिक्ट, टेक्सासचा शिकलेला पोरगा. एफबीआय, अमली पदार्थांचं खातं, सगळे मागे लागले होते. नाव कुणाला सापडलं? करखात्यातल्या गॅरी अॅल्फर्ड नावाच्या तपासनिसाला, आणि तेही गूगलवर. बाजार सुरू झाला तेव्हा त्याची पहिली जाहिरात कोणी केली, हे तो तारखा लावून शोधत बसला. एक टोपणनाव मिळालं. त्याच टोपणनावाने काही महिन्यांनी कुणीतरी कामाला माणूस हवा म्हणून मजकूर टाकला होता आणि खाली ईमेल पत्ता दिला होता स्वतःच्या खऱ्या नावाचा. १ ऑक्टोबर २०१३ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वाचनालयात तो लॅपटॉप उघडून बसला होता. साध्या वेशातल्या दोघांनी त्याच्या पाठीमागे भांडणाचं नाटक केलं, त्याने मान वळवली, तेवढ्यात लॅपटॉप ताब्यात. लॅपटॉप बंद झाला असता तर आतलं काही हाती लागलं नसतं. याला म्हणतात कामगिरी.

भाची : आणि अल्फाबे?

मामा : तीच तऱ्हा. अलेक्झांडर काझेस त्याचं नाव. बाजारात नवीन सभासद झालं की स्वागताचा ईमेल जायचा. सुरुवातीच्या दिवसांत त्या ईमेलमध्ये त्याचा जुना हॉटमेलचा पत्ता राहून गेला होता, त्यात त्याच्या नावाचा तुकडा आणि जन्मसाल. बँकॉकमध्ये पोलिसांनी मुद्दाम गाडी त्याच्या फाटकावर आदळवली. तो बघायला बाहेर आला, आत लॅपटॉप उघडाच होता. पण खरी शाबासकी डच पोलिसांची. 'हान्सा' नावाचा दुसरा बाजार होता. जर्मनीत त्याचे चालक पकडले, पण बाजार बंद केला नाही. २० जून २०१७ पासून २७ दिवस पोलिसांनी तो स्वतः चालवला. अल्फाबे बंद पडल्यावर तिथली गिऱ्हाइकं पळत हान्सावर आली, थेट पोलिसांच्या दारात. दहा हजारांहून जास्त परदेशी पत्ते त्यांनी युरोपोलला दिले.

भाची : मग मामा, या तिन्ही तपासांत टॉर कुणी फोडला?

मामा : कुणी नाही.

भाची : सगळ्यांचा पडदा काढावा लागला का?

मामा : नाही. तू कुठे नेतेस ते कळतंय मला.

भाची : आपल्याकडे जंगलात चोराचा माग काढणारे भिल्ल असत. मोडलेली काडी, ओल्या मातीतली टाच, पाणवठ्यावर थांबलेली पावलं ते वाचायचे. त्यांनी चोर धरण्यासाठी सातपुड्याचं जंगल तोडा म्हणून सरकारकडे मागणी केली नाही. अॅल्फर्डने तेच केलं. गुन्हेगार कितीही दाट झाडीत शिरला, तरी तो माणूस असतो. गर्व करतो, विसरतो, पैसे मोजतो, जुना पत्ता वापरतो.

मामा : उपमा बरी आहे, पण तू एक बाजू सांगितलीस. डचांनी २७ दिवस बाजार चालवला म्हणजे काय केलं? त्या दिवसांत माल विकला गेला. फेंटानिलची विक्री त्यांनी बंद केली, बाकीचा माल गेला. तो घेऊन कुणाचं पोर मेलं असेल तर जबाबदार कोण? मी पोलीस होतो, म्हणून हा प्रश्न मला टोचतो. आमच्याकडे सापळा लावतात, पण पंच असतात, मुद्देमाल जागेवर जप्त होतो. पुढे जाऊ देत नाहीत.

भाची : हा प्रश्न खरा आहे. पडद्याआड जाऊन काम करणाऱ्या पोलिसावर नजर कुणाची? सिल्क रोडच्याच तपासातले दोन अधिकारी, अमली पदार्थ खात्याचा कार्ल फोर्स आणि सिक्रेट सर्व्हिसचा शॉन ब्रिजेस, टोपणनावांनी आत शिरले आणि बिटकॉइन चोरून बसले. २०१५ साली एकाला साडेसहा वर्षांची, दुसऱ्याला जवळपास सहा वर्षांची शिक्षा झाली. अधिकार जितका गुप्त, तितका त्याचा हिशेब कडक हवा.

मामा : आणि उलब्रिक्टचं काय झालं? २०१५ ला जन्मठेप, सुटकेची आशाच नाही. २०२५ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी माफी दिली, बाहेर. ज्यांची पोरं त्या मालाने गेली त्यांना काय वाटलं असेल? तुम्ही कायदेवाले गोपनीयता म्हणता तेव्हा ते आई-बाप तुमच्या डोळ्यांसमोर असतात का?

भाची : असतात मामा. म्हणून मी गुन्हेगाराला सोडा म्हणत नाही.

मामा : दूरची उदाहरणंही नकोत. हल्द्वानीचा बनमीत सिंग. सिल्क रोड, अल्फाबे, हान्सा, सगळीकडे त्याचं दुकान होतं. २०१९ ला लंडनमध्ये पकडला, २०२४ ला अमेरिकेत पाच वर्षांची शिक्षा, सुमारे १५ कोटी डॉलरची मालमत्ता सरकारजमा. २०२३ च्या जूनमध्ये आपल्या नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोने डार्कनेटवरून, म्हणजे अशाच लपलेल्या बाजारांतून, चालणारं एलएसडीचं जाळं पकडलं, जवळपास १५ हजार ठिपके. हे कागदाचे ठिपके असतात, पोस्टाच्या पाकिटातून येतात. कुरिअर जळगावलाही येतं, धुळ्यालाही येतं. आणि याहून वाईट गोष्ट मी अजून बोललोच नाही. 'वेलकम टू व्हिडिओ'. लहान मुलांवरच्या अत्याचाराच्या चित्रफिती विकणारा बाजार. त्यातल्या एखाद्या मुलाच्या बापासमोर उभी राहून तू टॉरची बाजू मांडशील?

भाची : नाही मांडणार. तिथे मान खालीच जाते. पण तो बाजार कसा मोडला, ते त्याच बापाला सांगेन. बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार उघड्या वहीत नोंदला जातो. नाव नसतं, पण पैसा कुठून कुठे गेला ते कुणालाही वाचता येतं. अमेरिकी करखात्याच्या लोकांनी त्या नोंदी जुळवल्या. दक्षिण कोरियातला चालक सापडला, ३८ देशांत ३३७ जण पकडले गेले, २३ मुलं सोडवली. पडदा जागेवरच होता आणि मुलं सुटली.

मामा : सगळेच असे सापडत नाहीत.

भाची : नाहीत. आणि सगळ्यांचा पडदा काढला तरी सगळे सापडणार नाहीत. त्यांच्यापाशी चोरीचं सिम असतं, दुसऱ्याच्या नावावरचं बँक खातं असतं. नुकसान होईल ते ज्याला पडद्याची खरी गरज आहे त्याचं. मामा, १९९४ साली तुम्ही खात्यात नवीन होता ना?

मामा : फौजदार म्हणून लागलो होतो नुकताच. तू जळगावच्या प्रकरणाचं विचारते आहेस.

भाची : हो. फोटोंचा धाक दाखवून बायका-मुलींवर अत्याचार केले. अरविंद इनामदारांसारखा अधिकारी तपासावर होता. तरी बहुतेक आरोपी पुढे सुटले. का सुटले?

मामा : बायका पुढे आल्या नाहीत. ज्या आल्या, त्यांतल्या कितीतरी टिकल्या नाहीत. जळगाव तेव्हा केवढं? कोर्टाच्या आवारात कुणाची सून, कुणाची पोरगी आली, हे संध्याकाळपर्यंत गावभर व्हायचं. लग्नं मोडायची. नाव फुटण्याच्या भीतीनेच तो खटला अर्धा मारला.

भाची : कायदा तेव्हाही होता. १९८३ पासून पीडितेचं नाव छापणं गुन्हा आहे. तेव्हा तो भारतीय दंड संहितेत कलम २२८-अ होता, आता भारतीय न्याय संहितेत कलम ७२ आहे. म्हणजे काही माणसांना निनावी राहू दिल्याशिवाय न्याय मिळत नाही, हे शासनानेच मान्य केलं आहे. पण कायद्याने नाव छापायला बंदी केली, कुजबुजीला कशी करणार? आज तशीच एखादी मुलगी तक्रार कुठे करायची, पुरावा कसा जपायचा हे शोधत असेल, तर घरातल्या फोनमध्ये, बापाच्या नावाच्या कनेक्शनवर तिने ते उघडपणे शोधावं का? तिला पडदा हवाच.

मामा : त्या मुलीसाठी मी कबूल करतो. पण पडद्याआडून मुलींची अब्रूही विकली जाते. २०२२ च्या पहिल्याच दिवशी 'बुल्ली बाई' अॅप आलं. मुसलमान बायकांचे, पत्रकारांचे फोटो लावून लिलाव मांडला. बायकांची नावं उघड, विकणारे व्हीपीएनच्या, म्हणजे पत्ता लपवणाऱ्या सेवेच्या, मागे. त्यांना काय म्हणशील?

भाची : गुन्हेगार. आणि मुंबईच्या सायबर पोलिसांनी चार-पाच दिवसांत तिघं पकडले, व्हीपीएन असूनही. वेगवेगळ्या राज्यांतून.

मामा : ते मुंबईचं पथक. तालुक्याच्या ठाण्यात कोण आहे? खरं दुखणं तिथे आहे माय. फसवणूक झालेला शेतकरी येतो, केळीचे पैसे खात्यातून गेलेले असतात. सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकाला वेळेत फोन लागला तर रक्कम होल्ड होते, नाहीतर चार खात्यांतून फिरून जाते. आयपी ॲड्रेस मागायला परदेशी कंपनीला पत्र लिहायचं, उत्तर यायला महिने लागतात. अमेरिकेशी २००५ पासून कायदेशीर मदतीचा करार अंमलात आहे, पण ती वाट लांब आहे. तोवर अंमलदाराची बदली होते, नवा माणूस फाइल पुन्हा पहिल्या पानापासून वाचतो. म्हणून आम्हाला वाटतं, सगळ्यांची नोंद असली तर बरं. आमच्या हातात साधनं नाहीत, म्हणून आम्ही पडदा काढायला सांगतो.

भाची : हे तुम्ही बोललात ते फार महत्त्वाचं आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने, 'सर्ट-इन'ने, असंच केलं. व्हीपीएन पुरवणाऱ्यांनी गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, वापराचं कारण पाच वर्षं जपून ठेवायचं. काय झालं? एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून टाकले. गुन्हेगार परदेशी सर्व्हर वापरत राहिला. नोंद उरली ती सरळ माणसाची. आणि नोंदीचा इतिहास आपल्या देशात चांगला नाही मामा. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, ठाण्यात हजेरी लावली. १९५२ ला तो कायदा गेला. पण 'तू कोण, कुठला, इथे का आलास' हा प्रश्न भटक्यांच्या पाठीमागचा सुटला नाही. राईनपाड्यालाही तोच प्रश्न विचारला गेला.

मामा : ते डवरी गोसावी होते. खरं आहे.

भाची : आता सत्येंद्र दुबे. सुवर्ण चतुष्कोन महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा म्हणून विनंती केली. नाव फुटलं. २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांची हत्या झाली. आपल्या तळेगाव दाभाड्याला सतीश शेट्टी उघडपणे, स्वतःच्या नावाने माहिती अधिकार वापरून जमिनीचे गैरव्यवहार काढत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी त्यांना रस्त्यावर मारलं. आज वाळूच्या ठेक्यातली लबाडी ज्याला सांगायची आहे, त्याला तुम्ही काय सल्ला द्याल? नावानिशी अर्ज कर म्हणून?

मामा : नाही. खात्यात होतो तेव्हाही खबऱ्याचं नाव मी डायरीत कधी लिहिलं नाही.

भाची : मग पडदा तुम्हीही वापरलात.

मामा : वापरला. पण त्या पडद्याची दोरी माझ्या हातात होती. त्याने खोटी खबर दिली, तर तो कोण हे मला ठाऊक होतं. तुझ्या टॉरची दोरी कुणाच्याच हातात नाही. आपला मतभेद इथे आहे, आणि तो मिटेल असं मला वाटत नाही. न्यायाधीशाने सांगितल्यावर उघडेल असं एक दार मला हवं.

भाची : आणि मला भीती आहे ती त्या दाराची. न्यायाधीशासाठी बनवलेलं दार चोरालाही सापडतं, पुढच्या सरकारलाही सापडतं. पालघरला २०१२ साली बंदवर फेसबुकवर चार ओळी लिहिल्या म्हणून एका मुलीला आणि ती पोस्ट लाइक केली म्हणून दुसरीला अटक झाली. आयटी कायद्याच्या ज्या कलम ६६-अ चा आधार घेतला, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ ला रद्द केलं. अटकेच्या दिवशी ते कायदेशीरच होतं.

मामा : ती अटक चूक होती. त्यात वाद नाही.

भाची : आणि सायबर ठाण्याला माणसं, प्रशिक्षण, वेळ हवा, यातही वाद नाही.

मामांचे आणि भाचीचे बोलणे इथे थांबते. दोघांनी एकमेकांना पुरते पटवलेले नाही. माझा कौल मात्र मी सांगतो.

निनावीपणाचा पडदा राहू द्यावा. सिल्क रोड, अल्फाबे आणि हान्सा पडले ते तपासनिसाच्या चिकाटीने, आरोपीच्या निष्काळजीपणाने आणि पैशाच्या मागाने. २०१४ साली टॉरचाच पडदा फोडण्याचा प्रयत्न झाला होता. तो कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर केला आणि ती माहिती पुढे पोलिसांकडे गेली. ज्यांचा गुन्ह्याशी काही संबंध नव्हता, असे वापरणारेही त्या झोतात आले. हा मार्ग आपला असू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क गुन्हेगाराच्या सोयीसाठी दिलेला नाही. १९९४ च्या जळगावात ज्यांना पुढे येता आले नाही, त्यांच्यासारख्यांना तो लागतो.

पण हा कौल मामांच्या अटीसह आहे. पडदा ठेवायचा, तर माग काढणारे हात वाढवावे लागतील. जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात बिटकॉइनच्या नोंदी वाचता येणारी माणसे हवीत आणि तपास अर्ध्यात असताना त्यांची बदली होऊ नये. गुप्तपणे काम करणाऱ्या पोलिसाचा हिशेब न्यायालयाने मागावा. झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी नेमा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने राईनपाड्यानंतर सोळाच दिवसांनी, १७ जुलै २०१८ रोजी दिला. धुळे आणि जळगावच्या नागरिकांनी तो अधिकारी कोण आणि त्याने काय केले, हे दरवर्षी विचारावे.

वाचकांना माझे तीन गोष्टींचे आवाहन आहे. ओळखीच्या माणसाने पाठवला, एवढ्यावर कोणताही मेसेज पुढे पाठवू नका. पैसे गेले तर लाजून घरी बसू नका, त्याच मिनिटाला १९३० लावा. आणि कुठल्याही पीडितेचे नाव किंवा फोटो तुमच्या फोनवर आला, तर तो तिथेच पुसून टाका.

चौथी मागणी आपल्या खासदारांकडे. सत्येंद्र दुबे यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, २०१४ साली, संसदेने जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. तक्रार करणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याची हमी त्यात आहे. तो कायदा अजून अंमलात आलेला नाही.